काळजावरचा चुना

धुरपदाबाईंच्या अंथरुणाची उशाकडची बाजू हळूहळू वर चालली होती. उन्हाळ्यात तिथं एक उशी होती. पोळ्याच्या सुमारास दोन झाल्या. दिवाळीनंतर दोन उशांखाली वाकळेची घडी आली, आणि या आठवड्यात त्या घडीखाली देवघरातला पाट सरकवलेला होता. सकाळी अंथरूण काढताना सोनालीनं पाट उचलला, पुसला आणि देवापुढं ठेवला. संध्याकाळी तो पुन्हा उशाखाली गेलेला होता.

सोनालीला त्या उंचीचा अर्थ कळत होता. सासूबाई आडव्या झाल्या की त्यांना श्वास पुरत नसे, म्हणून त्या आता जवळजवळ बसूनच झोपत. पाच वर्षांपूर्वी त्यांना सोलापूरला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: हृदयाची एक झडप आवळली आहे, तिच्यावर चुना धरलाय, गोळ्यांवर काही काळ निघेल, पण झडप बदलावी लागणार. धुरपदाबाईंनी मान डोलावली होती. मग 'चैत होऊ द्या' म्हणाल्या. चैत्र झाला, तेव्हा 'सुगी होऊ द्या'. सुगी झाली, तेव्हा द्राक्षाची छाटणी आली. तामलवाडीच्या शेतात कुठलं ना कुठलं काम वर्षभर असतंच, त्यामुळे नाही म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

इतकी वर्षं सोनालीनंही फार रेटलं नव्हतं. ती सोलापूरच्या बाजूला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती. कंपनीच्या विम्यात ती, नवरा रणधीर आणि सासूबाई, तिघांची नावं होती. आधीपासूनचे आजारसुद्धा त्यात धरलेले होते. ज्या दिवशी सासूबाई हो म्हणतील त्या दिवशी जाऊ, असं मनाशी धरून ती चालली होती.

आणि मग तिनं राजीनामा दिला.

कारण चांगलं होतं. पंचक्रोशीतले द्राक्षवाले माती आणि पाणी तपासायला सोलापूर गाठत. महामार्गाच्या कडेला, पंक्चरच्या दुकानाशेजारी एक गाळा मिळाला होता. यंत्रं सांगून ठेवली होती. 'माती व पाणी परीक्षण प्रयोगशाळा' अशी पाटी रंगवून ओसरीत आलीसुद्धा होती. सगळ्यात आधी हो म्हणाल्या होत्या त्या धुरपदाबाईच. "कर की. दुसऱ्याच्या बाटल्या किती दिवस हालवत बसशील?"

नोटीसचा काळ सुरू झाल्यावर कार्यालयातल्या मुलीनं सहज सांगितलं, "मॅडम, विमा तुमच्या शेवटच्या दिवसापर्यंतच हं. सासूबाईंचा पण." सोनालीला वाटत होतं, निदान मार्चअखेरपर्यंत तरी असेल. प्रयोगशाळेत प्रत्येक बाटलीची मुदत बघितल्याशिवाय ती झाकण उघडत नसे, आणि हीच एक मुदत तिनं बघितली नव्हती.

विमा कंपनीला फोन केल्यावर कळलं की वाट आहे. नोकरी संपायच्या आत अर्ज केला तर त्याच कंपनीत स्वतःची पॉलिसी घेता येते, मागची वर्षंही जमेस धरतात. फक्त त्याआधी त्यांचे डॉक्टर फोनवर माहिती विचारतात आणि मग घ्यायचं की नाही ते ठरवतात.

"पण घेतील ना?" सोनालीनं विचारलं.

"ते माहिती बघून ठरतं, मॅडम," पलीकडचा मुलगा म्हणाला. हेच वाक्य तो दिवसभर म्हणत असावा, इतकं ते गुळगुळीत झालं होतं.

पहिला फोन आला तेव्हा सोनाली कामावर होती. धुरपदाबाई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होत्या. रणधीर द्राक्षाच्या फवारणीहून नुकताच येऊन हातपाय धूत होता, त्यामुळे पुढचं सगळं त्याच्याच तोंडून सोनालीला कळलं.

"द्रौपदी बब्रुवान मगर यांच्याशी बोलायचंय," फोनवरची बाई म्हणाली.

धुरपदाबाईंनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं, आणि पुन्हा कानाला लावला. "कोण द्रौपदी?"

"द्रौपदी बब्रुवान मगर. आहेत का घरी?"

"बब्रुवानाची बायको म्या हाय. मालक जाऊन बारा वर्सं झाली. ही कोण द्रौपदी आली आता त्येंचं नाव लावून?"

"आजी, आमच्याकडे तसंच नाव..."

"मग तिलाच इचारा तिचा दाल्ला कोण म्हून!" आणि फोन बंद.

रणधीर हसून हसून पायरीवरच बसला. "अगं आई, आधार कार्डावर तूच द्रौपदी हाईस. धुरपदाची शुद्ध करून लिवली त्येंनी."

"मला न इचारता?"

सोनालीही ऐकताना हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. याच नावापायी फुकट उपचाराच्या सरकारी योजनेचंही अडलं होतं. रेशन कार्डावर धुरपदा, आधारवर द्रौपदी. दोघी एकच आहेत हे पटवायला रणधीर महिनाभर तहसीलीच्या चकरा मारत होता, आणि दर वेळी एक नवाच कागद कमी पडत होता. ते आज ना उद्या होईल. पण उशाची उंची तहसीलीसाठी थांबणार नव्हती.

दुसऱ्या फोनसाठी तिनं स्वतःचा नंबर दिला आणि त्या दिवशी रजा टाकली. फोन ओसरीतल्या पाटावर ठेवून मोठ्यानं ऐकू येईल असा केला, आणि सासूबाईंना बजावलं, "द्रौपदी म्हणाल्या तर हो म्हणायचं, आत्याबाई. आणि विचारतील ते खरं खरं सांगायचं."

"म्या कवा खोटं बोलते गं?"

पलीकडची डॉक्टर तरुण असावी. आवाज मऊ होता, पण घाईचा. वय विचारलं. वजन विचारलं, त्यावर धुरपदाबाई म्हणाल्या, "आता काट्यावर कशाला चढवता, धान्य हाय का म्या?" डॉक्टर हसली.

"बरं आजी, तुम्हाला काही आजार आहे का? बीपी, साखर, हृदयाचा काही?"

"न्हाय."

तिनं सासूबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो थोपटला आणि तसाच राहू दिला.

"दम लागतो का?"

"वय झालं की लागतुयाच की, बाई. तुजं हू दे माज्याएवढं."

"कधी ऑपरेशन सांगितलं होतं कुणी?"

"न्हाय. आजारच न्हाय तर आपरेशन कशाचं?"

"मॅडम," सोनाली मध्येच बोलली, "मी सून बोलतेय. एक मिनिट..."

"उत्तरं त्यांनीच द्यायची असतात, मॅडम. बोलणं रेकॉर्ड होतंय."

"त्यांना प्रश्न नीट कळला नाही. उद्या परत फोन कराल का? अजून काही नोंदवू नका. प्लीज."

पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला. "उद्या सकाळी करते. पण तो शेवटचा असेल हं. त्यानंतर जे असेल ते पुढे जाईल."

फोन बंद झाला. धुरपदाबाईंनी सूप पुढं ओढलं आणि पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. सोनाली काही वेळ तिथंच बसून राहिली. त्या खोटं बोलल्या असत्या तर चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असतं, असं तिला वाटत राहिलं. चेहरा अगदी स्वच्छ होता.

रणधीर आला तेव्हा ती स्वयंपाकघरात पिठलं हलवत होती. तिनं सगळं सांगितलं.

"मग बरंच झालं की," रणधीर दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला. "आईच न्हाय म्हणती, तर न्हाय. आपण थोडंच खोटं बोललो?"

"अहो, पाच वर्षांपूर्वी दवाखान्याचं बिल कुणी भरलं? ह्याच विमा कंपनीनं. सगळे कागद त्यांच्याकडं आहेत. आज पॉलिसी देतील, हप्ता घेतील, आणि उद्या दवाखान्यात नेलं की म्हणतील, तुम्ही लपवलंत. मग काय करायचं आपण?"

"आणि खरं सांगितलं तर?"

"तर बहुतेक घेणारच नाहीत."

"म्हंजी इकडं आड तिकडं विहीर." त्यानं डोकं खाजवलं. "मग?"

सोनालीनं गॅस बारीक केला. हे बोलायचं ती दोन दिवस टाळत होती. "साहेबांशी बोलले मी. राजीनामा मागं घ्यायचा असेल तर या आठवड्यात लिहून द्या म्हणाले. मेल लिहून ठेवलाय. पाठवला नाही अजून."

"आणि गाळा? यंत्रं? त्या पाटीचं काय?"

"पाटी कुठं पळून चाललीय?"

पण पाटी तिनं सकाळीच भिंतीकडं तोंड करून ठेवली होती. रणधीरला ती येताना दिसली असावी, कारण त्यानं ओसरीकडं एकदा वळून बघितलं. मग एकदम चिडला. "हे बघ, इमा कंपन्यांनी लोकांला काय कमी चुना लावलाय? एकदा आपण लावला त्येंना, तर काय आभाळ कोसळतंय?"

"रणधीर!"

आवाज ओसरीतून आला. आवाज चढवल्यामुळे धुरपदाबाईंना धाप लागली होती, आणि पुढचं वाक्य यायला वेळ गेला. "चुन्याचं नाव असं वंगाळ घिऊ नगं."

"बोलायची पद्धत हाय आई ती."

"आसंल तुमची. आमच्या येरमाळ्यात चुना देवीचा आसतुया."

सोनालीचा हात पातेल्यातच थांबला. येरमाळा हे सासूबाईंचं माहेर. तिथल्या येडेश्वरीच्या चैत्राच्या यात्रेत बायाबापड्या रानात पसरून चुनखडीचे खडे वेचतात. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूबाईंनी तिलाही नेलं होतं. वाकून वाकून तिची कंबर धरली होती, आणि धुरपदाबाई तिला हसल्या होत्या, "बाटल्या हालवणाऱ्या हातांला खडं न्हाय झेपायचं." हे सगळं तिला माहीत होतं. फक्त ते कधी दुसऱ्या कशाशी जोडून बघितलं नव्हतं.

तिनं गॅस बंद केला आणि ओसरीत जाऊन सासूबाईंच्या समोर बसली. सूप दोघींच्या मध्ये होतं. तिनंही चार शेंगा घेतल्या.

"आत्याबाई, एक विचारू? सकाळी आजार न्हाय म्हणालात, ते का?"

"न्हाय तर हाय म्हनू?"

"सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं ना."

"काय सांगितलं हुतं? तू तर शेजारीच हुतीस. झडपीवर चुना धरलाय म्हनला. आजार कुटं म्हनला त्यो?"

रणधीर दारात येऊन उभा राहिला. सोनालीनं त्याला मानेनंच गप्प राहायला सांगितलं.

धुरपदाबाई शेंगांकडे बघत बोलत राहिल्या, मध्ये मध्ये श्वासासाठी थांबत. "त्याच साली म्या चुना वेचाया गेलते. ऊन लई हुतं. वेचता वेचता दम दाटला, तशी खाली बसले रानातच. डोळ्यांम्होरं समदं पांढरं झालं. म्हनलं, आई, आता तूच बघ. आन् मग हितं थंडगार वाटलं." त्यांनी छातीवर बोटं टेकवली. "आन् म्होरल्या म्हैन्यात डॉक्टर म्हनतो, तुमच्या काळजावर चुना हाय. कुनी ठिवला? कुटून आला? मला लगीच उमगलं. देवीनं हात ठिवला, तवा त्यो लागला. त्येच्यावरच तर इतकी वर्सं काडली. आता तुमी म्हनता चाकूनं खरवडा. आन् वर आजार बी म्हना त्येला."

महामार्गावरून एक उसाचा ट्रॅक्टर गेला. त्याचं गाणं लांबून आलं आणि लांब गेलं.

पाच वर्षं सोनाली समजत होती की सासूबाई भितात. चाकूला भितात, भुलीला भितात. त्या भीतीवर तिनं अधूनमधून युक्त्याही केल्या होत्या: शेजारच्या कस्तुराबाईंचं ऑपरेशन कसं नीट झालं ते सांगितलं होतं, डॉक्टरांना समजावून सांगायला लावलं होतं. कुणालाच, खुद्द तिलाही, 'चुना' या शब्दापाशी थांबावंसं वाटलं नव्हतं. तिला स्वतःला तो शब्द सोपा वाटला होता. डॉक्टरांनीही आजीबाईंना कळावं म्हणूनच तो वापरला असणार.

तिच्याकडं दुसरे शब्द होते. शरीरात कॅल्शियम कसं साचतं, लहानपणी येऊन गेलेल्या तापानं झडप कशी जाड होते, हे ती सांगू शकली असती. ते खरंही होतं. पण ते ऐकून सासूबाई 'व्हय का' म्हणतील आणि मनात काही हलणार नाही, हे तिला दिसत होतं. मग प्रयोगशाळेत एखादी नवी रीत शिकताना पुढची पायरी विचारावी तसं तिनं विचारलं.

"रानात वेचलेल्या चुन्याचं पुढं काय करतात, आत्याबाई? मी विसरले."

"आसं कसं इसरलीस? ढिगावर टाकायचा. देवीचा ढीग आसतुया न्हवं का."

"आणि कुणी घरी आणला तर?"

"छ्या! आमच्यात न्हाय आनत." धुरपदाबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "म्या आनला हुता एकदा. परकर नेसायची तवा. गोजिरवाना खडा हुता, खडीसाखरेवानी. वटीत लपवून घरी आनला. आयनं बघितला. तशीच माघारी धाडली, अनवानी, भर उन्हात. पाय पोळलं, लई रडले. तर म्हनली, येचनं आपलं, ठिवनं देवीचं. परत दिऊन ये, मगच भाकर..."

त्यांचं बोट शेंगेवरच राहिलं. शेंग अर्धी उकललेली होती.

सोनालीनं वर बघितलं नाही. तिला भीती वाटत होती की आपण काही बोललो तर ते मोडेल. तिच्या हातातली शेंग सोलून झाली होती, तरी ती रिकामं टरफल बोटांत फिरवत राहिली. बऱ्याच वेळानं, अगदी साध्या आवाजात ती म्हणाली, "माझी नोकरी आहे तोवर कंपनीचा विमा आहे. शेवटच्या दिवसाच्या आत दवाखान्यात भरती झालात तर सगळं त्यातून होतं. त्यानंतरचं मला आज सांगता येत नाही. नवी पॉलिसी देतील, न देतील. फोनवर खरं सांगितलं तर बहुतेक नाहीच देणार. पण खोटं सांगून घेतलेली उपयोगाची नाही. तुम्हाला नकोच असेल, तर मी नोकरी चालू ठेवते. तसं लिहून ठेवलंय मी."

"पाटी का पालथी घातलीस?" धुरपदाबाईंनी विचारलं.

सोनालीनं हातातलं टरफल सुपात टाकलं.

"वाती करायच्या ऱ्हायल्यात," म्हणत त्या भिंतीला धरून उठल्या आणि आत गेल्या. चार पावलांवर थांबल्या. श्वास घेतला. पुन्हा चालल्या.

"काय म्हणली म्हणायची ही?" रणधीरनं हळूच विचारलं.

"काहीच नाही म्हणाल्या."

सकाळी सोनालीनं अंथरूण काढलं. पाट उशाखालीच होता. वाकळही तशीच, दोन्ही उशाही तशाच. तिनं पाट देवापुढं ठेवला आणि फोन ओसरीत आणून चार्जरला लावला, तो भरलेला असूनही. रणधीर बागेत गेला नाही. 'फवारणी दुपारी केली तरी चालतंय' म्हणाला, आणि चालत नाही हे तिघांनाही माहीत होतं. धुरपदाबाई आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, तुळशीला पाणी घालून आल्या. कपाळावर हळद होती. बसल्यावर त्यांना बोलता येईपर्यंत वेळ लागला, आणि तोवर फोन वाजू नये असं सोनालीला वाटत होतं. मग तो वाजेचना. चहा झाला. शेजारच्या कस्तुराबाई दही मागायला येऊन गेल्या. सोनालीनं मेल उघडला, वाचला, पाठवायच्या बटणावर अंगठा नेला आणि फोन पुन्हा पालथा ठेवला.

तेवढ्यात तो वाजला.

"द्रौपदी बब्रुवान मगर?" कालचाच मऊ, घाईचा आवाज.

"धुरपदा," त्या म्हणाल्या. "कागदावर द्रौपदी. दोघी योकच."

"बरं आजी. काल काही प्रश्न राहिले होते. परत विचारते. तुम्हाला हृदयाचा काही आजार आहे?"

धुरपदाबाई भिंतीकडं तोंड केलेल्या पाटीकडं बघत होत्या. सोनालीनं आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. रणधीर खांबाला टेकून उभा होता, आणि त्याचा अंगठा खांबावरचा रंगाचा पोपडा काढत होता.

"आजी, ऐकू येतंय ना?"

"येतंय. काळजाच्या झडपीवर चुना धरलाय. आजार म्हना, काय बी म्हना. पाच वर्सं हाय."

कीबोर्ड वाजायला लागला. "ऑपरेशन सांगितलंय का?"

"सांगितलंय."

"मग केलं नाहीत?"

"न्हाय केलं."

कीबोर्ड थांबला. मग डॉक्टर जरा सावकाश बोलली. "आजी, असं असेल तर नवी पॉलिसी मिळणं अवघड आहे. मी फक्त माहिती पुढे पाठवते, निर्णय माझा नसतो. पण तुम्हाला आधीच सांगते."

"लिव तू, बाई. खरं हाय ते लिव. तुजा काय दोस."

त्यांनी फोनकडं पाठ केली आणि सुनेकडं वळून बसल्या. बोलायच्या आधी त्यांनी छातीवर हात ठेवला, बोटं उघडली, जणू ओटीतलं काही खाली ठेवायचं होतं.

"सोनाली, ती पाटी सुलटी कर. आन् सोलापूरच्या डॉक्टरला फोन लाव. म्हनावं, तुजी नोकरी हाय तवरच्या दिसांतला योक दिस धर. लई वर्सं जवळ ठिवला. चुना माघारी द्याचा हाय."